बंदूक आधी येते, काडतूस मागून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २०२० च्या उन्हाळ्यात तुम्ही अमेरिकेत पहिल्यांदा ९ मिमीचं पिस्तूल घेतलं. पिस्तूल पंधरा दिवसांत मिळालं, पण गोळ्यांचा एक डबा मिळवायला सात महिने लागले, आणि दुकानात गोळ्या निवांत दिसायला लागेपर्यंत दोन वर्षं गेली. असं पुन्हा झालं तर किती काळ धरून चालायचं, आणि बंदूक व गोळी यांच्यात एवढा फरक का पडतो?

गेली बावीस वर्षं मी मिसूरीत एका घाऊक वितरकाकडे काडतुसांची खरेदी बघतो. या काळात तीन मोठ्या टंचाया मी ऑर्डर-पुस्तकाच्या बाजूने पाहिल्या आहेत. आधी सरळ उत्तर देतो. बंदुकांचा पुरवठा सहा महिने ते वर्षभरात रुळावर येतो. पिस्तुलाचं ९ मिमी, रायफलचं ५.५६ अशा रोज खपणाऱ्या काडतुसांना भीतीचा शेवटचा झटका ओसरल्यापासून दीड वर्ष धरा. .२२ या सगळ्यांत स्वस्त काडतुसाला आणि शिकारीच्या कमी खपाच्या काडतुसांना दोन ते तीन वर्षं लागतात. घरी काडतुसं भरणाऱ्यांना लागणारे सुटे प्रायमर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोप्या, सगळ्यांत शेवटी येतात. माल परत आला तरी भाव जुन्या जागी क्वचितच येतो.

आता याचं कारण.

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, दारू, पुढची गोळी आणि बुडाशी बसवलेली प्रायमरची टोपी. पितळ आणि शिसं बाजारात मिळतं. पुंगळ्या ओढायची यंत्रं महाग असली तरी पैसे टाकून आणता येतात. अडतं ते प्रायमरपाशी. त्यातलं मिश्रण स्फोटक असतं. ते ओलं असतानाच, वेगळ्या बांधलेल्या खोल्यांत, अनुभवी हातांनी हाताळावं लागतं. त्याला परवाने लागतात, इमारतींमध्ये ठरावीक अंतर लागतं आणि माणसं तयार व्हायला वर्षं लागतात. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्रायमर बनवणारी नावं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात: मिनेसोटातल्या अनोकाची फेडरल, आयडाहोतल्या लुइस्टनची सीसीआय, विंचेस्टर आणि आर्कान्सातल्या लोनोकची रेमिंग्टन. बाकीचे डझनावारी काडतूस-कारखाने यांच्याकडून किंवा परदेशातून टोप्या घेतात. म्हणजे दुकानात तुम्हाला तीस ब्रँड दिसले तरी मागे देशातल्या विहिरी चारच आहेत.

बंदुकीचं तसं नाही. एआर-१५ या लोकप्रिय रायफलचा रिसीव्हर, म्हणजे मुख्य सांगाडा, हा ॲल्युमिनियमचा ठोकून घडवलेला तुकडा असतो, आणि तो संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कापून घेता येतो. असं यंत्र असलेला आणि परवाना असलेला कुणीही मध्यम कारखानदार तिसरी पाळी सुरू करून उत्पादन वाढवू शकतो. सरकारी आकडेच पाहा. २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे ७० लाख बंदुका बनल्या, २०२० मध्ये तो आकडा १ कोटी १० लाखांच्या आसपास गेला आणि २०२१ मध्ये सव्वा कोटीही ओलांडला. एका वर्षात दीडपट! काडतुसांच्या कारखान्यांना हे जमूच शकत नाही, कारण प्रायमरचं उत्पादन असं झटपट वाढवता येत नाही.

शिवाय बंदूक एकदा घेतली की पिढीभर पुरते. गोळी उडाली की संपली. त्यामुळे विकलेली प्रत्येक नवी बंदूक पुढच्या अनेक वर्षांची गोळ्यांची मागणी सोबत घेऊन जाते. नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन या उद्योग-संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये सुमारे ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. प्रत्येकाने पन्नासचे दोनच डबे घेतले असं धरा. ८४ कोटी गोळ्या झाल्या. ही मागणी २०१९ मध्ये नव्हतीच, आणि दोन डब्यांत एका माणसाचा सरावाचा एक शनिवारसुद्धा भागत नाही.

आता एक हिशोब करून दाखवतो. आकडे मनाचे आहेत, पण चाल खरी आहे. समजा देशात दर महिन्याला १०० गोळ्या उडतात आणि १०० बनतात. गोदामं आणि दुकानं मिळून ३०० चा साठा आहे, म्हणजे तीन महिन्यांचा. मग काहीतरी घडतं आणि चार महिने मागणी दुप्पट होते. ८०० हवेत. चार महिन्यांत ४०० बनले, साठ्यातले ३०० गेले, आणि १०० जण रिकाम्या हाताने परत गेले. शेल्फ कोरडं पडलं. कारखान्याने जिवाचं रान करून उत्पादन ११५ वर नेलं. भीती ओसरल्यावर मागणी जुन्या १०० वर आली नाही, १०५ वर थांबली, कारण नवे नेमबाज टिकून राहिले. दर महिन्याला शिल्लक उरते फक्त १०. तीनशेचा साठा पुन्हा उभा करायला तीस महिने लागतात. अडीच वर्षं!

आता याच उदाहरणात मागणी १०५ ऐवजी ९० वर आली असं धरा. शिल्लक २५ उरते आणि साठा वर्षभरात भरतो. कारखान्याने वाढवलेलं उत्पादन दोन्हीकडे तेच आहे, ११५. फरक केला तो गिऱ्हाइकाने. टंचाई किती लांबणार हे बहुतांशी दुकानासमोरची रांग ठरवते. म्हणून “कारखाने तीन पाळ्यांत चालतात, मग गोळ्या जातात कुठे?” असं कुणी विचारलं की मी त्यांच्या कपाटाकडे बोट दाखवतो. काडतूस कोरड्या जागी ठेवलं तर दशकानुदशकं टिकतं. म्हणूनच त्याची साठवण इतकी सोपी आणि इतकी प्रचंड होते.

रिकामं शेल्फ आणखी एक गोष्ट करतं. महिन्याला एक डबा घेणारा माणूस दोनदा रिकाम्या हाताने परतला की तिसऱ्या वेळी मिळतील तेवढे डबे उचलतो. त्याचा वापर वाढलेला नसतो, मनातली धाकधूक वाढलेली असते.

हे सगळं आधीही घडलेलं आहे. १९९४ मध्ये असॉल्ट वेपन्सवरच्या (लष्करी धाटणीच्या बंदुकांवरच्या) बंदीच्या काळात प्रायमर गायब झाले होते. मी तेव्हा या धंद्यात नव्हतो, पण जुने लोक अजून त्याबद्दल बोलतात. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतरची टंचाई मी पाहिलेली पहिली. ती २००९ च्या वसंतात टोकाला गेली आणि २०१० मध्ये बऱ्यापैकी निवळली. त्यातलं .३८० या पिस्तुलाच्या काडतुसाचं उदाहरण मी नव्या खरेदीदारांना नेहमी सांगतो. त्याच सुमारास खिशात मावणारी छोटी .३८० पिस्तुलं बाजारात आली आणि धडाक्याने खपली. काडतुसाचा खप मात्र तोवर बेताचाच होता, त्यामुळे कारखाने ते वर्षातून मोजक्या वेळा बनवत. तेजीत त्यांनी सगळी यंत्रं ९ मिमी आणि एआर-१५ मध्ये चालणाऱ्या .२२३ वर लावली. नव्या पिस्तुलांचे मालक वर्षभर हात चोळत बसले.

यंत्रावरचा कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, बदलायचा म्हणजे साचे काढा, नवे बसवा, जुळवणी करा, नमुने तपासा. यात जे तास जातात त्यात एकही काडतूस निघत नाही. शांत काळात हे परवडतं, तेजीत कुणी करत नाही. म्हणून .२५७ रॉबर्ट्स किंवा .३५ रेमिंग्टनसारखी काडतुसं टंचाईत सगळ्यांत आधी दिसेनाशी होतात आणि तयार काडतुसांत सगळ्यांत शेवटी परततात. ज्याच्याकडे आजोबांची हरणाच्या शिकारीची रायफल आहे त्याला हे चांगलं ठाऊक असतं.

२०१३ वर मी जरा थांबतो, कारण मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते त्या वर्षाने.

१४ डिसेंबर २०१२ ला कनेटिकटमधल्या न्यूटाउन गावी सँडी हुक शाळेत वीस मुलं आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले. देश हादरला. कडक कायदे येणार अशी चर्चा सुरू झाली, आणि त्या महिन्यात बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयच्या एनआयसीएस यंत्रणेकडे सुमारे २७ लाख ८० हजार पार्श्वभूमी-तपासण्यांची नोंद झाली. एक तपासणी म्हणजे एक विक्री असं नसतं, परवान्यांच्या तपासण्याही त्यात येतात. पण वारा कुठे वाहतोय हे कळायला तो आकडा पुरेसा असतो. १७ एप्रिल २०१३ ला तपासण्यांची व्याप्ती वाढवणारं विधेयक सिनेटमध्ये अडकलं आणि एआर-१५ ची घाई तिथून उतरायला लागली. तिची पंधरा डॉलरची मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) जानेवारीत पन्नासच्या वर विकली जात होती, ती उन्हाळा संपेपर्यंत पुन्हा पंधराच्या आसपास आली. रायफलीही शेल्फवर दिसू लागल्या. बंदुकांची टंचाई साधारण आठ महिन्यांत मिटली. .२२३ आणि ९ मिमी २०१४ च्या पहिल्या सहामाहीत रुळावर आलं.

.२२ मात्र आलं नाही, आणि २०१६ उजाडेपर्यंत धड आलंच नाही.

ही गोष्ट लोकांना आजही पटत नाही, कारण .२२ म्हणजे सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत साधी गोळी. पण .२२ रिमफायर आहे. तिला वेगळी टोपी नसते, प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं. त्यासाठीची यंत्ररांग पूर्ण वेगळी असते. ९ मिमीच्या यंत्रावर .२२ बनत नाही आणि उलटही नाही. उडालेली पुंगळी घरी पुन्हा भरता येत नाही, म्हणजे तोही आधार नाही. आणि एका गोळीमागे नफा इतका कमी की कोट्यवधी डॉलरची नवी रांग टाकायला कुठलाही कारखानदार दहादा विचार करणार. दुसरीकडे, पाचशे गोळ्यांची ‘वीट’ (गठ्ठा) तेव्हा वीस-पंचवीस डॉलरला मिळायची म्हणून माणूस एकदम पाच विटा उचलायचा. स्वस्ताईच साठेबाजीला कारण ठरली.

त्या वर्षी आमच्याकडे मंगळवारी ट्रक यायचा. मार्चमधला एक मंगळवार मला अजून स्पष्ट आठवतो: साठ दुकानांची मागणी समोर होती आणि ट्रकमधून .२२ च्या चौदा पेट्या उतरल्या. एका पेटीत पाच हजार गोळ्या, दहा विटा. एकूण एकशेचाळीस विटा, साठ दुकानांत. एका दुकानाला दोन, काहींना तीन. ज्या दुकानात त्या पोचायच्या तिथे सकाळी सहापासून माणसं खुर्च्या टाकून बसलेली असत. नऊ वाजता दार उघडायचं, नऊ-पाचला विटा संपलेल्या असायच्या, आणि त्यातल्या काही शनिवारी गन शोमध्ये साठ-सत्तर डॉलरला विकायला ठेवलेल्या दिसायच्या. शेल्फवर नुसती भावाची चिठ्ठी उरायची.

त्याच आठवड्यात मुलांना नेमबाजी शिकवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे बारा मुलं होती, दहा ते सोळा वयाची. त्यांना हंगामासाठी दोन पेट्या हव्या होत्या. माझ्याकडे नव्हत्या. मी त्यांना दर महिन्याला एक वीट बाजूला काढून देत राहिलो, आणि त्या मुलांना एका सरावात दहा गोळ्या मोजून देत राहिल्या. दोन पूर्ण पेट्या मी त्यांना पाठवू शकलो त्या २०१६ च्या वसंतात. तोपर्यंत मोठी मुलं कॉलेजला निघून गेली होती. टंचाई किती टिकली असं कुणी विचारलं की मला आधी त्या बाईंचा हिशोब आठवतो, आलेख नंतर.

त्या काळात दोन अफवा जोरात होत्या आणि दर टंचाईत त्या नव्या रूपात परत येतात, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायला हवं. पहिली, होमलँड सिक्युरिटी खात्याने देशातल्या सगळ्या गोळ्या विकत घेतल्या. सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१४ मध्ये हिशोब तपासला तेव्हा दिसलं की त्या खात्याची खरेदी २००९ पासून उलट कमी होत आली होती. २०१३ च्या आर्थिक वर्षात ती सुमारे ८ कोटी ४० लाख गोळ्यांची होती. देशाचा वर्षाचा खप अब्जांत मोजला जातो. दुसरी अफवा, मिसूरीतल्या हर्क्युलेनियमचा शिशाचा कारखाना बंद पडला म्हणून गोळ्या नाहीत. तो खनिजातून शिसं काढणारा देशातला शेवटचा कारखाना होता हे खरं, पण तो बंद पडला २०१३ च्या डिसेंबरअखेर. टंचाई त्याआधी वर्षभर सुरू होती, आणि गोळ्यांसाठी लागणारं बहुतेक शिसं जुन्या बॅटऱ्यांसारख्या भंगारातून येतं. लष्कर सगळं उचलतं असंही म्हणतात. मिसूरीतल्याच इंडिपेन्डन्स गावचा लेक सिटी कारखाना लष्करी काडतुसं बनवतो खरा, पण लष्कराची गरज भागल्यावर उरलेल्या क्षमतेतून तिथून बाजारातही माल येतो.

मग प्रश्न येतो, एवढी मागणी असताना कारखाने का वाढवत नाहीत? याचं उत्तर २०१६ ते २०१८ मध्ये आहे. २०१६ च्या निवडणुकीआधी सगळ्यांनी मोठी तेजी धरली होती. निकाल उलटा लागला, कायद्यांची भीती गेली, आणि लोकांच्या कपाटात आधीच्या चार वर्षांचा साठा पडून होता. मागणी कोसळली. रेमिंग्टनने मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जुलै २०२० मध्ये पुन्हा. ज्याने २०१३ मध्ये कर्ज काढून यंत्रं घेतली असती त्याला हप्ते भरायचे होते ते नेमके या वर्षांत. कारखानदार हे विसरत नाहीत. म्हणून तेजीत ते पाळ्या वाढवतात, जादा वेळ काम घेतात, पण नवी इमारत उभी करत नाहीत. मला हे त्यांचं चूक वाटत नाही. तुम्ही-मी त्यांच्या जागी असतो तर वेगळं केलं नसतं.

चूक आमच्यासारख्या मधल्या लोकांचीही असते, आणि माझी होती. २०१३ मध्ये कारखाने मागणीच्या वीस-तीस टक्केच माल देत होते, म्हणून मी १०० हवे असताना ३०० ची ऑर्डर लावायला लागलो. शेजारचे वितरकही तेच करत होते. दुकानदार आम्हा तिघा-चौघांकडे एकच मागणी नोंदवत होते. कारखान्याच्या वहीत दिसणारी मागणी त्यामुळे खऱ्या मागणीच्या कितीतरी पट फुगली. आणि मग २०१६ च्या उन्हाळ्यात मी निवडणुकीच्या भरवशावर .२२३ चा सहा महिन्यांचा माल आधीच बांधून घेतला. नोव्हेंबरनंतर तो उठेना. शेवटी खरेदीपेक्षा कमी भावात काढावा लागला, आणि गोदाम मोकळं होईपर्यंत पुढचं वर्ष अर्धं सरलं. तेव्हापासून मी ऑर्डर-पुस्तकातल्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. दुकानाच्या गल्ल्यावरून खरोखर काय गेलं तेच बघतो. २०२० च्या अखेरीला व्हिस्टा आउटडोअर या काडतुसं बनवणाऱ्या कंपनीने आपल्याकडे १ अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या काडतुसांच्या ऑर्डरी थकल्या आहेत असं जाहीर केलं. मी आमच्या मालकांना तेव्हाच म्हटलं की यातला चांगला मोठा हिस्सा माल यायला लागताच रद्द होणार आहे.

आता तुम्ही पाहिलेली टंचाई. २०२० एवढं लांबलं कारण तो एक झटका नव्हता, एकामागून एक आलेले चार-पाच होते. मार्चमध्ये महासाथ, तेव्हा एका महिन्यात सुमारे ३७ लाख ४० हजार तपासण्या. जूनमध्ये शहरांतली अशांतता. नोव्हेंबरमध्ये निवडणूक. जानेवारी २०२१ मध्ये सत्तांतर, आणि मार्च २०२१ मध्ये एका महिन्यात जवळपास ४७ लाख तपासण्या. २०२० चं वर्ष ३ कोटी ९७ लाखांवर बंद झालं, २०१९ चं होतं २ कोटी ८४ लाख. पहिल्या लाटेनंतर साठा भरायला सुरुवात होणार तोच दुसरी लाट यायची, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून “टंचाई कधीपासून मोजायची?” या प्रश्नाचं माझं उत्तर: शेवटच्या झटक्यापासून. मार्च २०२१ पासून मोजलं तर ९ मिमी २०२२ च्या उन्हाळ्यात बऱ्यापैकी मिळायला लागलं. सव्वा-दीड वर्ष, म्हणजे नेहमीचीच चाल.

त्यातच पुरवठ्याच्या बाजूने एक विहीर आटलेली होती. रेमिंग्टनचा लोनोकचा काडतूस-कारखाना दिवाळखोरीत, नेमक्या सगळ्यांत मोठ्या मागणीच्या वेळी, जवळजवळ ठप्प होता. व्हिस्टाने तो २०२० च्या शरद ऋतूत ८ कोटी १४ लाख डॉलरला घेतला आणि घरी बसवलेल्या कामगारांना परत बोलावत हळूहळू सुरू केला. मग ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन बंदुका आणि काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने बंद केल्याचं जाहीर केलं, ७ सप्टेंबरपासून. आधीचे परवाने चालू होते, त्यामुळे माल एकदम थांबला नाही. पण ७.६२×३९ ची स्वस्त पोलादी पुंगळीची गोळी रशियातूनच यायची, आणि तो भाव परत दिसलेला नाही.

भावाचं बोलायचं तर, साधी पितळी ९ मिमी २०१९ मध्ये गोळीमागे १८-२० सेंटला मिळायची. २०२१ च्या सुरुवातीला ती सत्तर सेंटच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याच्याही वर गेली. २०२३ मध्ये पंचवीसच्या आसपास स्थिरावली. चढताना दहा महिने लागले, उतरताना दोन वर्षं, आणि उतरून जिथे थांबली ती पायरी जुन्या पायरीच्या वर होती. हजार प्रायमर २०२० आधी तीस-पस्तीस डॉलरला येत. ते शंभराच्या वर गेले आणि परतल्यावर जुन्या भावाच्या दुपटीच्या जवळपास थांबले. प्रायमर शेवटी येण्याचं कारण साधं आहे: ज्याच्याकडे टोपी आहे तो कारखाना ती आधी स्वतःच्या काडतुसात बसवतो, कारण तयार काडतुसात पैसा जास्त आहे. सुटी टोपी विकायला निघते ती त्याचं पोट भरल्यावर.

२०२३ मध्ये नवी अडचण आली ती दारूची, आणि तिचं गणित निराळं आहे. युक्रेनच्या युद्धामुळे तोफगोळ्यांसाठी लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजची मागणी जगभर वाढली. रायफलची दारूही त्यातूनच बनते. २०२३ च्या शरद ऋतूत कारखान्यांकडून आम्हाला पत्रं आली: दारूचा जागतिक तुटवडा अपेक्षित आहे, १ जानेवारी २०२४ पासून भाव वाढतील. ही टंचाई गिऱ्हाइकाच्या भीतीतून आलेली नाही, त्यामुळे गिऱ्हाईक शांत झाल्याने ती मिटणार नाही. घरी काडतुसं भरणाऱ्यांना तिची झळ सगळ्यांत जास्त बसते. यात मी वर सांगितलेला दीड वर्षाचा ठोकताळा लावू नका.

पुरवठा सुधारतोय हे कसं ओळखायचं? मी भावाच्या आधी तीन गोष्टी बघतो. “माणशी दोन डबे” ही पाटी दुकानातून निघाली का. कारखान्यांच्या रिबेट योजना, म्हणजे डब्यामागे काही डॉलर परत देण्याच्या जाहिराती, पुन्हा सुरू झाल्या का. हातात जादा माल आल्याशिवाय कुणी पैसे परत देत नाही. आणि कमी खपाचे कॅलिबर शेल्फवर दिसू लागले का. .३५ रेमिंग्टन दिसलं म्हणजे कारखान्याला यंत्र बदलायची फुरसत मिळाली, आणि फुरसत मिळाली म्हणजे ९ मिमीची गोदामं भरली. पाटी निघते आधी, रिबेट तीन-चार महिन्यांनी, आणि अडलेले कॅलिबर त्याहून बरेच उशिरा.

तुमच्यासाठी करण्यासारखं असं: महिन्याला खरोखर किती गोळ्या उडवता ते लिहून काढा. बहुतेकांचा अंदाज चुकतो. समजा शंभर. टंचाई दीड वर्षाची धरली तर अठराशे गोळ्यांचा साठा म्हणजे तुम्हाला रांगेत उभं राहायची गरज नाही. तो एका दिवसात घेऊ नका. शेल्फ भरलेली असताना दर महिन्याला एक-दोन डबे जादा घेत गेलात तर दीड ते तीन वर्षांत उभा राहतो, आणि त्याने कुणाचं शेल्फ रिकामं होत नाही. कोरड्या, थंड, कुलूपबंद जागी ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा. आधी घेतलेला आधी वापरा. घरात किती साठवता येतं याचे तुमच्या गावचे अग्निशमन नियम एकदा बघून घ्या.

टंचाई सुरू झालीच तर घबराट असेपर्यंत काहीही विकत घेऊ नका. सगळ्यांत वाईट भाव तेव्हाच असतो. साठ्यातून निम्म्या वेगाने वापरा. उरलेला सराव रिकाम्या पिस्तुलावर करा, दोनदा तपासून आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. ट्रिगरवरचा हात त्यानेच सुधारतो हे मी त्या बाईंच्या बारा मुलांकडे पाहून सांगतो. दहा गोळ्यांच्या सरावात निशाण्यावरच्या त्यांच्या खुणांचे गट आधीपेक्षा लहान झाले होते.

आणि दुसरं पिस्तूल घेणार असाल तर ते ९ मिमीचंच घ्या. टंचाईत तेही गायब होतं, पण यंत्रं सगळ्यांत आधी वळतात ती त्याच्याकडे.